जिम्नीच्या टपावर कॅरियर आणि तंबू: बसवू की नको?

खानापूरची_जिम्नी

नमस्कार मंडळी. गाडी पाच दरवाज्यांची जिम्नी, हातानं गिअर टाकायची. घर खानापूर, नोकरी बेळगावात. त्यामुळे आठवडाभर गाडी हायवेला, आणि सुट्टी लागली की जांबोटी, कणकुंबी, तिलारी, नाहीतर हिडकल धरणाच्या पाण्याकडे. सोबत बायको, कधीमधी मेव्हणा.

टपावर कॅरियर टाकून त्यावर रूफटॉप टेंट बसवायचा विचार चाललाय. दोघांचा, कापडी कव्हरचा एक तंबू पसंत केलाय, वजन 60 किलो. विकणारा म्हणतो डोळे झाकून घ्या. पण गाडीचं मॅन्युअल उघडलं तर टपावर 30 किलोच्या वर काही ठेवू नका असं लिहिलंय. त्याला परत फोन केला, तर म्हणाला, "साहेब, रात्री दोन माणसं आत झोपतात तेव्हा दोनशे किलो होतात, तरी टप जाग्यावर असतो. 30 चा आकडा कंपनी आपली कातडी वाचवायला लिहिते."

हे कितपत खरं? कॅरियर तयार मिळतो तो मागवू, की बेळगावच्या उद्यमबागेत कुणाकडून बनवून घेऊ? लोखंडी चांगला की ॲल्युमिनियमचा? आणि केए (कर्नाटक) पासिंगची गाडी असं ओझं डोक्यावर घेऊन सीमेवरचा कोगनोळी टोल ओलांडून कोल्हापूरकडं गेली तर पोलीस अडवतात का? बायको म्हणते आधी विचार, मग पैसे घाल. म्हणून विचारतोय.


निपाणीचा_स्कॉर्पिओवाला

बसव भावा, काही होत नाही. माझ्या जुन्या स्कॉर्पिओवर आहे तंबू. आंबोली, राधानगरी, गगनबावडा सगळीकडं घेऊन गेलोय. वळणावर गाडी जरा डुलते, सवय होते. मॅन्युअलमध्ये काय, वेळच्या वेळी टायरची हवा तपासा असंही लिहिलेलं असतं, कोण तपासतंय? फक्त कॅरियर लोखंडी कर, चांगल्या जाड पाइपचा, आणि वरनं चारी बाजूंनी रेलिंग घे. ते ऑनलाइनचे ॲल्युमिनियमचे कॅरियर बघितले की हातानं वाकतील असं वाटतं.


वेल्डिंगवाला_मामा

स्कॉर्पिओवाले दादा, तुमची गाडी वेगळी, ह्या पोराची वेगळी. तुमची रिकामी उभी केली तरी जिम्नीपेक्षा चांगली पाचशे किलो जड. तिच्या डोक्यावर 60 किलो ठेवणं आणि बाराशे किलोच्या गाडीच्या डोक्यावर 60 किलो ठेवणं ह्यात फरक आहे की.

मी उद्यमबागेत फॅब्रिकेशन करतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, शेड, आणि अलीकडं ह्या जीपवाल्या पोरांच्या नादानं कॅरियर. तंबू विकत नाही, त्यामुळे मला मोकळं बोलायला हरकत नाही.

पहिलं ते 30 चं बघू. विकणाऱ्यानं तुला अर्धं खरं सांगितलं. गाडी उभी असताना टप बराच भार घेतो, चालत्या गाडीच्या आकड्याच्या तिप्पट-चौपट धरायची ह्या धंद्यात रीत आहे. शिवाय तुझा तंबू उघडल्यावर अर्धा टपाच्या बाहेर जातो आणि ती बाजू शिडीवर टेकते, म्हणजे झोपलेल्या माणसांचा बराच भार शिडीतून जमिनीत जातो. तेव्हा रात्री टप खाली बसेल ही भीती मनातनं काढून टाक.

पण तो आकडा झोपण्यासाठी लिहिलेलाच नाही, तो गाडी चालवण्यासाठी आहे. जांबोटीच्या पुढं खड्ड्यात चाक गेलं आणि गाडी उसळली, की वरचा 60 किलोचा तंबू त्या क्षणाला दीडशेचा होतो. ब्रेक मारला की पुढं ओढतो, वळणावर बाजूला ओढतो, आणि हे सगळं टपाच्या कडेला सहा ठिकाणी चिमटीत धरलेल्या पत्र्यावर येतं. एका फेरीत काही दिसत नाही. महिने गेले की टपाच्या कडेच्या पन्हळीतल्या (पाणी वाहून जायच्या खाचेतल्या) सीलंटला, म्हणजे सांधा बुजवणाऱ्या लेपाला, केसासारखी चीर पडते, पावसाळ्यात तिथनं पाणी आत उतरतं, आणि गाडीवाला दाराचं रबर बदलत बसतो. दाराच्या रबराचा काही दोष नसतो. असली गाडी आली की मी आधी क्लॅम्प सोडवून खाली बोट फिरवून बघतो. रंगाचा पापुद्रा बोटाला लागला की समजायचं.

आता कॅरियरचं वजन. हे कुणी मोजतच नाही. 30 किलो म्हणजे कॅरियरसकट 30, नुसत्या सामानाचे नव्हेत. सहा फूट बाय चार फुटाचा साधा सपाट सांगाडा घे. बाहेरची चौकट वीस फूट, मधल्या पाच आडव्या पट्ट्या वीस फूट, म्हणजे चाळीस फूट, बारा मीटर पाइप. 25 बाय 25 मिलिमीटरचा 16 गेजचा (दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा) लोखंडी चौकोनी पाइप मीटरला साधारण 1.2 किलो भरतो. झाले साडेचौदा किलो. पाय, क्लॅम्प, नटबोल्ट धरून 20. स्कॉर्पिओवाले दादा म्हणतात तशी वरनं रेलिंग काढली तर आणखी सात-आठ किलो वाढले, आणि तंबूला रेलिंगचा उपयोग शून्य, उलट अडचणच. तंबूला सपाट पाट लागतो. म्हणजे तंबू यायच्या आधीच तुझ्या 30 मधले 20 नाहीतर 28 संपले.

तोच सांगाडा 2 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पाइपचा केला तर मीटरला अर्धा किलो, सगळं मिळून दहा-अकरा. पण ॲल्युमिनियमला वेल्डिंग करून घेऊ नकोस, मी स्वतः वेल्डर असून सांगतोय. वेल्डच्या शेजारी तो धातू नरम पडतो आणि थरथरीनं तिथंच चिरतो. खाचेचे सेक्शन घेऊन नटबोल्टनं जोडलेला कॅरियर चांगला, उद्या एक पट्टी वाकली तर तेवढीच बदलता येते. बोल्ट एम 8 (8 मिलिमीटरचे), 8.8 ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीचे, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीनं सुटत नाहीत). बसवून झाल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरला सगळं एकदा परत आवळायचं. नवीन रबर दबतं आणि क्लॅम्प ढिला होतो.

काहीही झालं तरी टपाला भोक पाडायचं नाही. कुणी सांगितलं की आतनं प्लेट टाकून आरपार बोल्ट मारतो, तर तिथनं उठून ये. एक तर पाणी गळतं. दुसरं म्हणजे जिम्नीला सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या दोन पडद्यासारख्या टपाच्या आतल्या कडेनं घडी घालून बसवलेल्या असतात. ड्रिलचं टोक कुठं जाईल ते बाहेरनं कळत नाही. सुझुकीनं ह्या गाडीला कडेनं पन्हळ दिलीय, तिलाच धरायचं, आणि चारऐवजी सहा किंवा आठ पायांनी, म्हणजे भार वाटला जातो. क्लॅम्प आणि पन्हळ ह्यांच्या मध्ये रबर हवंच, दाराच्या बीडिंगसारखं चांगलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतात काही जण, तो उन्हानं चिरतो आणि खाली पाणी धरून ठेवतो. तुझ्याकडं खानापुरात जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो तुला सांगायला नको.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. पत्रा, बोल्ट सगळं सांभाळता येतं. डोक्यावरचं वजन येत नाही. जिम्नी रुंदीला 1645 मिलिमीटर, उंचीला 1720. आधीच रुंदीपेक्षा उंच. समज माणसं, पेट्रोलचा कॅन, सामान धरून गाडी चौदाशे किलो, आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून सत्तर सेंटीमीटरवर. तंबू आणि लोखंडी कॅरियर मिळून 80 किलो तू एक मीटर नव्वदवर ठेवलेस. म्हणजे मध्यापासून 120 सेंटीमीटर वर. 80 गुणिले 120 भागिले 1480, वजनाचा मध्य साडेसहा सेंटीमीटर वर सरकला. ऐकायला थोडं वाटतं. ऊस भरलेली ट्रॉली शेतातनं रस्त्यावर चढताना कशी एका अंगावर येते बघितलास ना, तोच प्रकार. कणकुंबीकडं लाल मातीच्या वाटेला एका कडेनं पाण्यानं चर पाडलेली असते. डावी दोन चाकं चरीत, उजवी दोन वर. तिथं रिकामी जिम्नी मजेत जाते. तंबूवाली जिम्नी जाते की नाही हे बघायला मला तरी आत बसायचं नाही.

तू ऑफ-रोडसाठी ही गाडी घेतलीस ना? तंबूला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) लागत नाही, आणि फोर बाय फोरच्या वाटेला तंबू सोसत नाही. 60 किलोचा तंबू घालणार असशील तर कॅरियर दुसरीकडं करून घे, मी करणार नाही. ॲल्युमिनियमचा हलका पाट, कडेला गुंडाळणारी ताडपत्रीची ओसरी, एवढंच पाहिजे असलं तर ये.


शहापूरची_भटकी

मामांनी गाडीचं सांगितलं, मी तंबूत राहण्याचं सांगते. आमच्याकडं गुरखा जीप आहे, तिच्यावर कॅरियर आणि तंबू दोन्ही. नवरा चालवतो, मीही चालवते.

चांगलं आधी. वर झोपलं की जमीन ओली, खडकाळ, तिरकी कशीही असली तरी फरक पडत नाही. साप-विंचवाची धास्ती जाते, गादी आतच असते, उघडायला फार वेळ लागत नाही. आमच्या सासूबाईसुद्धा एकदा वर चढून झोपल्या आणि सकाळी खाली यायला तयार नव्हत्या.

आता जे विकणारा सांगत नाही. रात्री दोन माणसांचा श्वास, बाहेर थंडी, की कापडाला आतनं पाणी सुटतं. डिसेंबरात हिडकलच्या काठावर सकाळी गादीखाली हात घातला तर चिंब. आम्हाला वाटलं वरनं गळलं. गळलं नव्हतं, खालच्या थंड पाटावर वाफ जमली होती. गादीखाली जाळीची चटई घालायची आणि थंडी वाजली तरी दोन्हीकडच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या. ओला तंबू मिटून घरी आणला तर दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवायला हवा. पावसाळ्यात बेळगावात कुठं वाळवणार? आमचा कोपऱ्यात काळा पडला तो ह्याच कारणानं, बुरशीचे ठिपके काही केल्या जात नाहीत. आता जूनच्या आधी आम्ही तो काढून माळ्यावर ठेवतो. काढायला-घालायला चार माणसं लागतात, शेजाऱ्यांना चहा पाजावा लागतो.

दुसरं, उंची. बंद तंबूसकट आमची गाडी अडीच मीटरच्या आसपास जाते. तळघरातल्या पार्किंगचा विषय संपला. आमच्या बोळात केबलच्या वायरी खाली आल्यात, एक जण काठी घेऊन पुढं चालतो. तुझी गाडी बुटकी आहे, तरी दोन मीटरच्या वर जाईलच, घरच्या शेडचं माप घेऊन ठेव.

तिसरं कुणी सांगत नाही ते असं की गाडीच घर झाली की गाडी अडकते. सकाळी दूध आणायला जायचं तर अख्खा तंबू मिटा. रात्री कुणाला बरं नसलं तरी तेच. आणि भाताच्या खाचरात शिडीचा पाय मऊ मातीत रुतत जातो, तंबू एका बाजूनं कलतो, झोपेत कळतं. पायाखाली फळीचा तुकडा घालायचा, तो मी आता गाडीतच ठेवते.

माझं मत विचारशील तर जिम्नीचे पुढचे सीट डोकं टेकायची उशी काढून पूर्ण मागं पाडले की मागच्या सीटला टेकतात, वर जाड गादी टाकली की दोघं झोपतात. उंच माणसाचे पाय जरा दुमडतात, एवढंच. मेव्हणा असेल तर त्याला बाहेर साधा जमिनीवरचा तंबू, तीन-चार किलोचा.


वकिली_नको_पण_सांगतो

पोलिसांचं आणि जंगलाचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठळक केलं. पान्ह्यानं सुटणारा कॅरियर म्हणजे रचनेत बदल की नुसतं सामान, ह्यावर समोरचा अधिकारी काय म्हणेल ते तो अधिकारीच ठरवतो, मग टोलच्या अलीकडचा असो की पलीकडचा. वेल्ड करून पक्का केलात तर वाद घालायलाही जागा उरत नाही. विमा कंपनीला लेखी कळवा, जादा हप्ता भरून ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत घालून घ्या. न कळवता बसवलं आणि गाडी कलंडली, तर पहिला प्रश्न टपावर काय होतं हाच येणार.

जंगलाचं जास्त महत्त्वाचं. खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, 2011 पासून. दांडेलीकडं काळी व्याघ्र प्रकल्प. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंच गुन्हा, रात्री गाडी लावून झोपणं तर दूरच. वनखात्याचा माणूस तंबू टपावर आहे की जमिनीवर हे बघत नाही. खाजगी शेतात, मालकाला विचारून लावा. तिथंही अस्वल, गवे, आणि भात पिकायच्या दिवसांत हत्ती येतात. हत्तीच्या सोंडेला तर टपाची उंची सोयीचीच पडते.


निपाणीचा_स्कॉर्पिओवाला

मामा, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण लोक बसवायलेत की! जिम्नीवर तंबू टाकून लडाखला गेलेले व्हिडिओ पडलेत ढिगानं.


वेल्डिंगवाला_मामा

असतील की. लडाखच्या डांबरी रस्त्यावर सरळ सावकाश चालवलं तर मलाही काही म्हणायचं नाही. चरीत गाडी घातलेला व्हिडिओ तंबूसकट असला तर दाखवा, मी बघतो.


खानापूरची_जिम्नी

सगळ्यांचे आभार. ताई, सीट पाडून झोपायचं काल अंगणात करून बघितलं. माझे पाय स्टिअरिंगखाली जातात, बायको मात्र खूश आहे. मामा, एक शेवटचं विचारतो. 35-40 किलोचाही तंबू मिळतो म्हणे, तो घेतला आणि कॅरियर ॲल्युमिनियमचा केला तर? पन्नासच्या आत बसेल. नाहीतर नुसता पाट आणि ओसरी करायची झाली तर किती जड होईल?


वेल्डिंगवाला_मामा

पन्नास म्हणजे 30 च्या वर वीस. 80 पेक्षा बरं, पण मॅन्युअलच्या बाहेरच. हायवेनं जाऊन हिडकलच्या काठावर झोपून परत यायचं असेल तर तुझी मर्जी. तिथं जायला तुला लो गिअर (अवघड वाटेचा, सावकाश पण जोराचा) लागत नाही. कणकुंबीच्या वाटेला मात्र तो तंबू घरी काढून ठेवून जा.

नुसता पाट दहा-अकरा किलो, ओसरी आठ-दहा किलो. म्हणजे वीस-एकवीस. राहिलेल्या नऊ-दहा किलोत वर बायकोच्या चटया, हलक्या खुर्च्या ठेव. पेट्रोलचा कॅन वर ठेवू नकोस, सुटं चाकही नको, ते मागच्या दाराला आहे तिथंच असू दे. जड सगळं सीटच्या मागं, खाली, पट्ट्यानं बांधून. ओसरी डाव्या अंगाला लाव, म्हणजे रस्त्याकडेला थांबलास तरी रहदारीच्या बाजूला उघडत नाही. पुढच्या आडव्या पट्टीला वारा लागून शिट्टी वाजते, तिला तिरकी पत्र्याची पट्टी मारून देतो, हायवेला डोकं उठणार नाही.

रविवारी माझं शटर बंद. शनिवारी सकाळी ये. येताना गाडी धुऊन आण, खास करून पन्हळ दात घासायच्या ब्रशनं साफ करून. तिच्यात चिखल बसलेला असला की क्लॅम्पचं माप दोन मिलिमीटरनं चुकतं आणि मग परत सगळं सोडवावं लागतं. आणि शेडच्या दाराची उंची टेपनं मोजून आण, अंदाजानं सांगू नकोस.